घरबसल्या

"अहो, मला नाही जमायचं हे," ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि तरीही ओले हात पुसत खुर्चीत येऊन बसली.

सरांनी इअरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं, दुसरं आपल्या. टेबलावर मोबाइल, जाड पेन आणि कोरी वही. टेबल स्वयंपाकघरातच मांडलं होतं, कारण घरात नेट तेवढ्याच कोपऱ्यात धड येई.

घशाचं ऑपरेशन झालं त्याला चौदा महिने होऊन गेले होते. जीव वाचला, आवाज गेला. शाळेने थोडे दिवस वाट पाहिली. मग मुख्याध्यापक घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, फळ्यावर नुसतं लिहून वर्ग कसा आवरणार?" तेव्हापासून सर एका शिकवणीच्या कंपनीसाठी मोबाइलवर मुलांची अडलेली गणितं लिहून सोडवून देत होते. तिथे त्यांना आवाज कुणी मागत नव्हतं. परवा मात्र कंपनीचा निरोप आला: लिहून उत्तरं यापुढे संगणकच देईल, शिक्षकांनी फोनवर बोलून शिकवायचं. काल त्यांनी गळ्याला बोलायचं यंत्र लावून, त्याच्या घरघरत्या आवाजात पहिला फोन घेतला. पलीकडचा मुलगा आधी घाबरला, मग हसला, मग त्याने बहिणीलाही ऐकायला बोलावलं.

म्हणून आज ती बोलणार होती. आठवीत गणितातच नापास होऊन तिची शाळा सुटली होती.

फोन वाजला. पलीकडे मुलगी होती, सहावी-सातवीतली असावी.

"मॅडम, मायनस गुणिले मायनस प्लस कसं काय होतं? आमच्या बाई म्हणतात, पाठ कर आणि गप्प बस."

तिने सरांकडे पाहिलं. सरांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. हा प्रश्न म्हणजे त्यांचा हातखंडा. ते भराभर लिहू लागले: *दार म्हणजे अधिक. ओटा म्हणजे वजा. पुढे चालणं अधिक. मागे चालणं वजा.*

"दार म्हणजे अधिक..." ती अक्षरं लावत वाचू लागली. "ओटा म्हणजे... वजा."

"ओटा? मॅडम, मला काहीच कळत नाहीये."

सरांनी पेन टाकलं. कानातलं टोक काढलं आणि उठून खोलीच्या मधोमध उभे राहिले, ओट्याकडे तोंड करून. तिला खूण केली, बघ. आणि पाठमोरे चालू लागले. एक पाऊल, दोन पावलं, तीन. हात पसरलेले, मान ताठ. त्यांचा वर्ग म्हणे या वेळी बाकांवर उभा राहायचा. पाठ दारावर धडकली तेव्हा ते थांबले, आणि दार दोनदा हाताने थोपटलं.

तिने वही बाजूला सारली.

"हे बघ बाळ," ती म्हणाली, "उठून उभी राहा. तुझ्या खोलीला दार आहे ना? दाराची बाजू अधिकची. आता दाराकडे पाठ कर. तोंड उलटं झालं, म्हणजे एक वजा. आता तशीच मागे मागे चालत ये. पावलंही उलटी पडली, म्हणजे दुसरं वजा. सावकाश, पडशील. कुठे पोचलीस?"

पलीकडे पावलं वाजली. मग धप्प आवाज झाला.

"दारात! अय्या, मॅडम, मी दारात आले! मायनस मायनस, आणि मी प्लसमध्ये!"

ती हसली. सरही हसले, तोंडभर, आणि त्या हसण्याला गळ्यातल्या छिद्रावरच्या फडक्याखालून नुसती हवा सुटल्याचा आवाज आला. ते लगबगीने परत येऊन बसले आणि इअरफोन कानात घातला.

"मॅडम, तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

तिने सरांकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं: *सत्तावीस.*

"सत्तावीस वर्षं," ती म्हणाली.

"बापरे! मग शाळेत का नाही शिकवत? असं मोबाइलवर का?"

"अगं, शिकवणारे खरं तर..." तिने तोंड उघडलं, तोच सरांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने लिहिलं. तिने ते वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने.

"घरबसल्या बरं पडतं."

"पण मॅडम, तुमच्या आवाजातच काहीतरी आहे. ऐकलं की लगेच कळतं. मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगते. उद्यापण तुम्हीच पाहिजे मला."

फोन बंद झाला. नळाखालच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं. मोबाइलवर मुलीने दिलेल्या पाच चांदण्या उमटल्या.

"कळलं हो तिला!" ती म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून तिचा आवाज उतरला. "तुम्हीच शिकवलंत. मी नुसती..."

सरांचे ओठ हलले. चौदा महिन्यांत त्यांच्या ओठांवरचं बहुतेक सगळं ती वाचायला शिकली होती: पाणी, औषध, पंखा, झोप आता. हे त्यातलं नव्हतं.

"काय म्हणालात? परत म्हणा."

ते पुन्हा म्हणाले नाहीत.

"मग लिहून तरी दाखवा." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी मोबाइल उचलून तिच्या हातात दिला आणि मान भिंतीकडे वळवली. दोन वेळा, तीन वेळा वाजला.

तिने घसा खाकरला.

"हं, बोल बाळ. कुठे अडलंय?"