गळ्यातलं

मंगळसूत्र काढायचं कबूल झालं, पण ठेवायचं कुठे, यावर एक्स-रेच्या खोलीच्या दाराशीच खटका उडाला. यशोदाबाई ते टेबलावर ठेवीना, खिळ्याला टांगू देईना. नवऱ्याच्या, अभिमनच्या, खिशात तंबाखूची चंची होती, म्हणून खिसाही बाद झाला.

"गयानं शे, गयामाच ऱ्हावाले पाहिजे," ती म्हणाली.

"अवं, मशीन हाडं दखस. तुनं लगीन नही दखत!" अभिमन हसला. पण यशोदाबाईने ऐकलं नाही. तिने पोत सरळ त्याच्याच गळ्यात घातली, बंडीच्या आत सारली आणि खोकत खोकत आत गेली.

अभिमनला या सगळ्याची गंमत वाटली. गावात तो अर्धा डॉक्टर समजला जाई. पहूरपासून जळगावपर्यंत एसटीने कोणीही पेशंट निघाला की सोबतीला अभिमन हवाच. कोणाचा एक्स-रेचा फोटो आला की तो आधी पारावर यायचा. अभिमन तो उन्हात धरून, एक डोळा मिटून निदान सांगायचा. त्याचं निदान आजवर एकदाही चुकलं नव्हतं, कारण ते बरोबर की चूक हे डॉक्टरला विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

यशोदाबाईचा खोकला महिनोन्महिने हटत नव्हता. गावच्या डॉक्टरांना टीबीची शंका आली. त्यांनी सांगितलं, एका घरातले आहात, दोघांच्याही छातीचे फोटो काढून आणा. यशोदाबाई फोटो काढून बाहेर आली आणि लगेच जीवरामने अभिमनला हाक मारली. हा जीवराम फोटो काढणारा. रांग मोठी होती, त्याला बोलायला फुरसत नव्हती.

"गळ्यात काही आहे का, आबा?"

"पुरुषमाणसाच्या गळ्यात काय असणार, भाऊ? काढा फोटो!" अभिमन ऐटीत म्हणाला. हनुवटी वर केली, छाती फुगवली, श्वास कोंडला. हे सगळं न सांगता आपल्याला येतं, याचं त्याला भारी कौतुक वाटलं.

ओले फोटो खिडकीशी वाळायला टांगलेले होते. इथल्या डॉक्टरांना यायला वेळ होता. असे फोटो समोर असताना अभिमनला बाकावर बसवेना. जीवरामने जाता जाता बोट दाखवलं, "तो कडेचा तुमचा."

अभिमनने एक डोळा मिटला. मग घाईघाईने दुसराही उघडला. छातीच्या मधोमध दोन गोल पांढरेशुभ्र डाग होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बारीक ठिपक्यांच्या रांगा थेट गळ्यापर्यंत चढत गेल्या होत्या. असला फोटो त्याने जन्मात पाहिला नव्हता. पुढे पारावर तो स्वतःच सांगायचा, "गावाला एवढे रोग वाटले, पण स्वतःचा वाचताना भिंत धरून उभा राहिलो."

यशोदाबाई जवळ आली. तिनेही फोटोकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली.

"बठ्ठं सरनं, यशोदे," सगळं संपल्यासारखा तो फोटोकडे बोट करत म्हणाला. "छातीमा दोन गाठी शेत. जंतूसनी रांगच लागेल शे."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याची नजर तिच्या मोकळ्या गळ्यावर गेली. आपल्यामागे ही अशीच दिसणार. या बाईला आपण काय दिलं? शिंदखेड्याचं तिचं माहेर आपणच तोडलं. एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला तिच्या भावाने, धनसिंगने, जावयाला दुसऱ्या पंगतीला बसवलं, एवढंच निमित्त. खापरावरची पुरणपोळी ताटात टाकून आपण उठलो. त्यानंतर प्रत्येक आखाजीला गावातल्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या, झोक्यावर बसल्या, आणि ही दारात उभी राहून जाणाऱ्या गाड्या बघत राहिली. अभिमनला स्वतःची लाज वाटली.

"औंदा आखाजीले तू माहेरले जाय," तो एकदम म्हणाला. "मी सोता तुले लई जासू."

"आनि मना भाऊसंगे बोलशात?"

"बोलसू. दुसरी पंगतमा बसाडं तरी जेवसू."

"शप्पत?"

"तुनी शप्पत." बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. यशोदाबाईने पदराने त्याचे डोळे पुसले. तिचेही डोळे भरले होते.

डॉक्टर आले. दोन्ही फोटो त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावले. बाईंची छाती साफ होती. विचारपूस केल्यावर कळलं, खोकला घरात साठवलेल्या कापसाच्या धुळीचा होता. मग ते अभिमनच्या फोटोशी थांबले. अभिमनने डोळे मिटून घेतले.

"आबा, मंगळसूत्र घालून फोटोला उभा राहिलेला पुरुष मी आज पहिल्यांदा पाहतोय," डॉक्टर म्हणाले. "काढा ते. फोटो परत घ्यावा लागेल."

अभिमनचा हात बंडीत गेला. दोन वाट्या, काळे मणी, सगळं जागच्या जागी होतं. दाराशी जीवराम तोंडाला रुमाल लावून हसत होता. अर्ध्या डॉक्टरला कुठे तोंड लपवावं कळेना, आणि शेवटी त्याला स्वतःचंच हसू आलं. त्याने पोत काढली. यशोदाबाईचा हात आधीच पुढे आला होता. तिच्या तोंडावर आश्चर्य काही दिसेना.

"तुले ठाऊक व्हतं?"

"मन्या वाट्या मी वयखाव नही का?"

"मंग बोलनी का नही?"

तिने पोत गळ्यात घातली, वाट्या नीट केल्या, पदर सारखा केला.

"तुम्ही आखाजीनी गोट काढेल व्हती. मधमा मी कसाले बोलू?"