पूल कुठवर आला?

फाटकापाशी पोचल्यावर धाकटीचा हात सवयीनं वर गेला आणि रिकामाच खाली आला. दोरी नव्हती. दोरी जिला बांधलेली असायची ती पितळी घंटाही नव्हती.

दादा मागून तिची बॅग घेऊन येत होता. त्यानं पाहिलं, पण बोलला नाही. तसा तो पहिल्यापासून घुम्या. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा तेवढंसुद्धा घरात बोलत नसे. आई शहरातल्या दवाखान्यात वारली हे त्यानं फोनवर जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं होतं. धाकटी परदेशातून येऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलंही होतं.

वकीलकाका व्हरांड्यात कागद मांडून बसले होते. समुद्राकाठचं हे घर आईनं दोघांना निम्मं-निम्मं ठेवलं होतं आणि दादानं आपला वाटा धाकटीला लिहून दिला होता. आता फक्त तिची सही हवी होती. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं काका म्हणाले. धाकटीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. असं घर कोणी सुखासुखी सोडतं का? आधी घर बघते, म्हणून ती आत गेली.

पूर्वी हे नुसतं उन्हाळ्यात यायचं घर होतं. वडील गेले आणि आई इथं कायमची राहायला आली. धाकटी पूल बांधणारी इंजिनिअर, परदेशातल्या मोठ्या पुलाचं काम मिळालं तेव्हा जाताना तिनं आईला बजावलं होतं, "तुला इथं एकटीला जमेनासं झालं की सांगायचं. त्या दिवशी काम टाकून परत येईन." आई नुसती हसली होती.

मग दर रविवारी फोन. चेहरा दाखवायला आई कधी तयार झाली नाही. माझं तोंड काय बघायचंय, म्हणायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पूल कुठवर आला?" ते ऐकून झालं की ती समुद्राचं सांगायची. आज खवळलाय, आज गुणी बाळासारखा पडून आहे. तिच्या आवाजामागे लाटा यायच्या, झुलती खुर्ची करकरायची, भिंतीवरचं घड्याळ ठोके द्यायचं. मधेच फाटकावरची घंटा वाजली की आई म्हणायची, पाववाला आला गं, ठेवते. शेवटी शेवटी ती घंटा फारच लवकर वाजू लागली होती. धाकटी त्या पाववाल्यावर मनातल्या मनात चिडायची.

बैठकीत घड्याळ नव्हतं. त्याच्या खिळ्याला कोळ्यानं जाळं विणलं होतं. खिडकीतली शिंपल्यांची बरणी नव्हती. स्वयंपाकघरातला चहाचा मोठा पत्र्याचा ट्रे नव्हता. खुर्ची नव्हती. टेबलावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उमटली. समुद्राकाठी धूळ बसायला कितीसा वेळ लागतो, असं तिला वाटलं. चांदीचे चमचे मात्र खणात होते. वडिलांचा कॅमेरा कपाटात होता. आईची मोत्यांची कुडीसुद्धा डबीत जिथल्या तिथं होती.

चांदी सोडून चहाचा ट्रे नेणारा चोर कसला? हे घरच्याच माणसाचं काम होतं. आईचा हात रोज ज्याला लागायचा ते सगळं वेचून नेलं होतं, आणि तिच्यासाठी भिंती ठेवल्या होत्या. तिला रडू आलं आणि रडू येण्याचाच राग आला.

ती व्हरांड्यात आली.

"दादा, घंटा कुठाय?"

"माझ्याकडे."

"खुर्ची? घड्याळ?"

"तेही."

"आई जाऊन आठ दिवस नाही झाले. एवढी कसली घाई होती?"

दादा वाळूकडे बघत राहिला. वकीलकाकांनी पेनाला टोपण लावलं आणि उगाच चष्मा पुसला.

"ती इथं एकटी राहत होती आणि तू तिकडे शहरात," धाकटी म्हणाली. "फिरकायचास तरी का रे? घर नको मला. त्या वस्तू आत्ता परत दे. मग तू मला मेलास आणि मी तुला."

"चल," एवढंच तो म्हणाला.

दोघं दादाच्या गाडीतून शहराकडे निघाले. तिच्या पायाखाली वाळू करकरत होती. म्हणजे हा समुद्रावर येत होता, आईला भेटायला मात्र नाही, असं तिनं मनात नोंदवलं. बोलायची वाक्यं ती मनात जुळवत होती. या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं.

वहिनीनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. दादा थांबला नाही; त्यानं दुकानामागच्या खोलीचं दार ढकललं.

खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. मधे दवाखान्यात असतो तसला पलंग, त्याच्या दांड्यावर वाळत टाकलेला आईचा निळा गाऊन. औषधांचा वास अजून गेला नव्हता. पलंगाशेजारी झुलती खुर्ची. समोर घड्याळ. पायथ्याच्या गजाला घंटा टांगलेली, आणि तिची दोरी उशीपर्यंत आणून बांधलेली. धरून उठून बसता यावं म्हणून नव्हे, फक्त पडल्या पडल्या हात पोचावा म्हणून.

"आई तिथं पडली तेव्हापासून इथंच होती," दादा म्हणाला. "तुझा पूल अर्ध्यावर होता."

धाकटीनं दोरीला हात लावला. घंटा वाजली. पाववाला आला गं, ठेवते. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"पण समुद्र?" तिनं विचारलं. "समुद्र तर मी स्वतः ऐकलाय, दादा."

वहिनीनं पलंगाखालून चहाचा ट्रे ओढला. त्यात वाळू होती आणि बरणीतले शिंपले. दोन्ही हातांनी उचलून तिनं तो सवयीनं हळूच कलता केला, आणि खोलीत लाट आली.