दर दोन तासांनी

“परत गेली!” साहेब केबिनमधून ओरडले तेव्हा वायरमास्तर टेबलाखाली पालथा पडला होता. उठताना त्याचं डोकं खाडकन आपटलं आणि त्याने टेबलाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या या माणसाला खरं नाव होतं, पण ते कुणाला आठवत नसे. बिघाड हुडकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि आता एका व्हीपीएनने त्याच्या नाकी नऊ आणले होते. व्हीपीएन म्हणजे घरी बसून ऑफिसच्या कॉम्प्युटरांत शिरायचा बंद बोळ. बाकीचे सगळे त्यातून बिनबोभाट ये-जा करत. बिलिंगच्या ताईंचं तेवढं तुटायचं. दर दोन तासांनी, थोडा वेळ. मग आपोआप चालू.

“संध्याकाळपर्यंत लाइन नीट झाली नाही तर तुमचं कंत्राट संपलं,” साहेब म्हणाले. “घरून काम करणारं कुणी खुर्चीतून उठलं की लॅपटॉपचा कॅमेरा टिपतो आणि माझ्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो. दोनतीनदा लागला की नारळ. पण लाइनच गेली तर मी बोलू कुणाला?”

वायरमास्तर परत टेबलाखाली शिरला. नवं काम काय झाडाला लागलं होतं?

दर दोन तासांनी म्हणजे यंत्रातलं कुठलंतरी घड्याळ, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. व्हीपीएन ठरावीक वेळाने आपली किल्ली बदलतं. ती वेळ त्याने वाढवली, मग कमी केली. राउटर बदलला, केबल बदलली, लाइन देणाऱ्या कंपनीशी घसा बसेपर्यंत भांडला. ढिम्म फरक नाही. त्याला रडावंसं वाटत होतं.

त्याने ताईंना फोन लावला. “लाइन जाते तेव्हा घरात काही चालू करता का? मिक्सर, पंप?”

“नाही हो दादा. आम्ही दोघीच इथे. आई तर अंथरुणालाच खिळलीये. कोण काय चालू करणार?”

“मग मीच येतो. नवीन पेटी बसवतो.”

“कशाला एवढा त्रास? चालतंय की माझं.”

“तुमचं चालतंय हो, माझं दिवाळं निघतंय!” तो खेकसला आणि लगेच ओशाळला. भिडस्त माणसं तक्रार करत नाहीत आणि दुसऱ्याच्या डोक्याला ताप होतो, असं त्याचं मत झालं.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत कॉटवर आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. आतल्या खोलीत ताईंचं टेबल. त्याने पेटी बसवली. केबल निघाली तर मोबाइलच्या नेटवर्कवर उडी मारणारी, वीज गेली तर बॅटरीवर चालणारी. लॅपटॉप चालू तोवर व्हीपीएन चालू, अशी मेखही मारून ठेवली.

“आता लाइन जायची बातच नको,” तो म्हणाला.

ताई पेटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला पाणी आणून दिलं. आभार मानायला शब्द सुचत नसावेत, असं त्याला वाटलं.

ऑफिसात परतून तो स्क्रीनसमोर नखं खात बसला. दोन तास झाले. लाइन हलली नाही. आणखी दोन झाले, तरी ठाम. साहेबांनी पाठ थोपटली, कंत्राटाचं नक्की केलं. महिनाभराचा वैताग उतरला आणि वायरमास्तरला आपल्या खेकसण्याची लाज वाटली. त्याने फोन लावला.

“ताई, बघितलंत? एकदासुद्धा तुटली नाही!”

ताईंच्या मागे कुणीतरी कण्हत होतं, सारखं, मोठ्याने.

“दादा,” ताई हळूच म्हणाल्या, “मग आता आईची कूस मी कधी बदलू?”