मेलबर्नचा घास

“मावशी, चार्जिंगच्या भोकात वरणभात आहे,” मोबाईल दुरुस्तीवाला नौशाद पिन बाहेर काढत म्हणाला. “परवा शिरा निघाला होता.”

“मेलबर्नच्या नातीला भरवते रोज.” कराडच्या मालूताईंनी घड्याळ पाहिलं. “तिची आई तिकडे घास धरते, मी इकडे पडद्याला लावते. त्याशिवाय पोर तोंड उघडत नाही. तिची जेवायची वेळ झाली, आटप बाबा!”

फोन सुरू होताच वाजला. पडद्यावर नात ताटासमोर ओठ घट्ट मिटून बसली होती. मालूताईंचे हात रिकामे होते.

नौशादने स्वतःचा डबा उघडला, फोनला प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि मसालेभाताचा घास पुढे केला. नातीने आ केला.

मालूताईंनी त्याचं मनगट धरलं. “थांब, आधी मिरची काढ!”