परवाना लागत नाही

इंग्लंडात टीव्ही बघायला जो सरकारी परवाना लागतो, त्याची चौकशी करायला आलेल्या माणसाला मिसेस ॲकरॉइडनी आत बसवून चहा दिला. ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू होते, म्हणून स्वतःच्या कपात साखर घातली नाही. त्याच्या बशीत मात्र दोन बिस्किटं ठेवली.

"परवाना माझ्या मुलानं, क्लाइव्हनं बंद केला. म्हणाला, आई, तू नेटवरचे जुने सिनेमेच बघतेस, उगाच पैसे कशाला घालवायचे?"

"बरोबर आहे त्याचं, मॅडम. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघितलं तरच परवाना लागतो. इथं कुणी थेट काही बघतं?"

"इथं नाही रे बाळा. क्लाइव्हनं मात्र बघितलं, लीड्सला, त्याच्या घरी."

तो हसला. "फुटबॉल ना? सगळे चोरून तेच बघतात!"

"नाही. गेल्या महिन्यात ह्यांचा अंत्यविधी झाला, तो. स्मशानभूमीवाले कॅमेरा लावून नेटवर थेट दाखवतात ना. लीड्सहून इथं गाडीनं अर्ध्या तासाचा तर रस्ता."

त्यानं हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. "त्याला... त्याला परवाना लागत नाही, मॅडम."

"देवाची कृपा," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर तेवढंही बघितलं नसतं त्यानं."