शुक्रवारचं तिकीट

स्कॉटलंडमधल्या स्पे नदीकाठच्या आमच्या व्हिस्की डिस्टिलरीत मी पाहुण्यांना फिरवतो. एफी आजी दर शुक्रवारी तिकीट काढून त्यांच्यात सामील व्हायच्या. पिंपांच्या कोठारात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळायच्या, पण चव घ्यायची वेळ आली की आपला पेला शेजारच्याला देऊन टाकायच्या.

शेवटी मी विचारलंच, "आजी, एक घोटही घेत नाही, मग येता कशाला?"

"आमचा आर्ची, माझा नवरा, तीस वर्षं याच कोठारात कामाला होता रे कॅलम. घरी आला की अंगाला हाच वास. 'आधी आंघोळ कर, मगच जेवायला बस,' म्हणून रोज ओरडायचे मी त्याच्यावर."

त्यांनी पिंपावर हात टेकला.

"तो गेला, आणि मी वेडीनं त्याचे सगळे कपडे धुऊन टाकले."