पुरलेला जर्मन

"तिथं उकरू नको, भाऊ," वाडीतली म्हातारी ठमी म्हणाली. "जर्मन पुरलाय तिथं."

सावळारामचा पाय जागीच थांबला. हे एवढंच ऐकायला तो तीन वर्षं वणवण करत होता.

तो कल्याणच्या एका बिल्डरचा माणूस. बिल्डरकडे एक जुना कागद होता. कंपनी सरकारच्या फौजेतला योहान नावाचा जर्मन शिपाई नोकरी सोडून मुरबाडच्या डोंगरात आला, माळ घेतला, कॉफी लावायला बसला आणि मेल्यावर त्याच माळात पुरला गेला. वारसांकडून हक्क विकत घेऊन झाले होते. माळ कुठला, तेवढं कागदात नव्हतं. सावळारामने पुण्या-ठाण्याच्या चर्चमधल्या दफननोंदी पालथ्या घातल्या, शहापूरची दप्तरं चाळली. योहान कुठेच नव्हता. मग सत्त्याण्णवच्या पौषात म्हशाच्या जत्रेत एक बैलवाला सहज बोलून गेला, जर्मनचा माळ. आता कबर सापडली की माळ बिल्डरचा, आणि माळावरची ठाकरांची अठ्ठावीस घरं खाली.

"नक्की जर्मनच?" त्याने विचारलं.

"सारी वाडी जाणते."

जागा चांगली नव्हती. ओढ्याच्या वर करवंदीची दाट जाळी, आत ओली माती. वास येत होता, गोड आणि कुजका. सावळारामने खाली वाकून कान लावला. जमिनीच्या पोटात काहीतरी बुडबुडत होतं, थांबत होतं, पुन्हा बुडबुडत होतं. तेवढ्यात वाडीतलं एक कुत्रं जाळीतून बाहेर आलं. चार पाय चार दिशांना टाकत चार पावलं चाललं आणि आडवं झालं.

"हा गोजर," ठमीने शेजारी उभ्या पुतण्याकडे बोट केलं. "एकदा एकलाच गेलता तिकडं. परत आला तो साहेबाच्या भाषेत बोलत. बायकोला वळखीना. दुसरे दिशी उनं डोक्यावर आली तरी उठाया नाय. इचार त्याला."

गोजरचे डोळे लाल होते. त्याने मान खाली घातली.

सावळाराम एक पाऊल मागे सरला. पण बिल्डरचं तोंड आठवून तो म्हणाला, "आजी, मी उकरणारच."

"उकर की. पर पोलिसाफुडं उकर. आन् आदी लिवून दे, जर्मन तुमचा म्हनून. उद्या आमच्यावर बालंट नको."

हे तर सोन्याहून पिवळं. सावळारामने पोलीस ठाण्यात अर्ज दिला: 'सदर माळात पुरलेला जर्मन आमच्या मालकांचाच असून त्यावर आमचा पूर्ण हक्क आहे.' खाली ठसठशीत सही.

मंगळवारी हवालदार आला, दोन पंच आले. वाडी लांब उभी राहिली. बाया तोंडाला पदर लावून होत्या.

पहार दोन हात खाली गेली आणि ठण्णकन वाजली.

"पेटी," सावळाराम पुटपुटला. "शिपायाची पेटी." तो स्वतः खड्ड्यात उतरला. घाईघाईने माती सारली, झाकण उचकटलं. आतून कुणी उसासा टाकावा तसा दर्प बाहेर आला. पंच मागे सरले.

हवालदार मात्र पुढे झाला. बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं.

आत मोहाची फुलं आंबत होती. पेटी नव्हती, भला थोरला टोप होता. त्याच्या धातूला शहरात अ‍ॅल्युमिनियम म्हणतात आणि वाडीवर जर्मन.

हवालदाराने खिशातून अर्ज काढला. "दारूचं रसायन. जर्मन तुमच्या मालकांचा. सही तुमचीच ना?"

"नाही हो साहेब. आमचा जर्मन म्हणजे माणूस."

"माणूस कुठं लिवलाय यात?"

सावळारामने वाडीकडे पाहिलं. पदर अजून तोंडालाच होते, पण खांदे हलत होते.

"आमचा या जर्मनशी काडीचा संबंध नाही," तो म्हणाला. "हवं तर तसं लिहून देतो."

ठमीने कंबरेची चंची सोडली. सुपारीच्या खालून घडी घातलेला कोरा कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"लिव," ती म्हणाली. "माळासकट."